ज्यूरी ड्यूटी लागली? घरीदारी बोलताना या चुका टाळा

ज्यूरी म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारी साधी माणसं. इंग्लंडमध्ये ज्यूरीचं समन्स यायला तिथलं नागरिकत्व लागत नाही. मतदार यादीत नाव, वय १८ ते ७५ आणि तेराव्या वर्षानंतर किमान ५ वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य, एवढं पुरतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे राहणाऱ्या आपल्या पासपोर्टवाल्यांचं नावही त्या यादीत लागतं. त्यामुळे लंडनला नोकरी करणारा पुणेकरही उद्या क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टात, ज्यूरीच्या बारा जणांत बसलेला असू शकतो. अमेरिकेत मात्र फक्त नागरिकांनाच बोलावतात.

खटला चालू असताना ज्यूररने त्याबद्दल बाहेर कोणाशीही बोलायचं नसतं. तिथे सर्रास होणारी चूक म्हणजे "नाव न घेता सांगितलं तर काय बिघडतं?" रात्री जेवताना बायको विचारते, "कसली केस आहे रे?" तुम्ही म्हणता, "अफरातफरीची. आरोपी अकाउंटंट आहे." ती सहज बोलून जाते, "मग त्यानेच खाल्ले असणार, आमच्या ऑफिसात नाही का झालं तसं!" विषय तिथेच संपतो, पण ते वाक्य तुमच्या डोक्यात राहतं. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते. बायकोच्या मताची कोण करणार? आरोपीच्या वकिलाला ते खोडायची संधीच मिळत नाही. म्हणून "आम्ही ट्रेनमध्येही मराठीतच बोलतो, कोणाला कळतंय" हा युक्तिवादही फुकट. शेजारच्या सीटवरच्याला कळलं नाही तरी ज्याच्याशी बोलताय त्याला कळतंच, आणि तो मत देतोच.

बाहेरच्या मतांचा दबाव मुंबईनेही पाहिलाय. १९५९ च्या नौदल अधिकारी नानावटींच्या खून खटल्यात 'ब्लिट्झ' हा पेपर उघडपणे आरोपीच्या बाजूने लिहीत होता. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, पण न्यायाधीशांना ते पटलं नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि शिक्षा झाली.

फोनवरची चूक आणखी महागात पडते. मँचेस्टरच्या एका खटल्यात ज्यूरीतल्या बाईंनी सुटलेल्या एका आरोपीशी फेसबुकवर गप्पा मारल्या; बाकीच्यांचा निकाल तेव्हा अजून लागायचा होता. २०११ मध्ये त्यांना ८ महिन्यांची कैद झाली. २०१५ च्या कायद्यानंतर तर आरोपीचं नाव गुगल करणं हाच गुन्हा आहे, शिक्षा २ वर्षांपर्यंत. वकील मित्राला "फक्त कलमाचा अर्थ" विचारणंही टाळा. शंका असेल तर चिठ्ठी लिहून न्यायाधीशांना विचारा, त्यात कमीपणा नाही.

मग सांगायचं तरी काय? ऑफिसला तारखा आणि अंदाजे किती दिवस लागतील ते. घरी, "ज्यूरीवर आहे, आत्ता विचारू नका." निकालानंतर उघड कोर्टात जे घडलं ते बोलता येतं. मात्र ज्यूरीच्या चर्चेच्या खोलीत कोण काय म्हणालं, कोणी कसं मत दिलं, हे इंग्लंडमध्ये कधीच बोलायचं नाही. अमेरिकेत निकालानंतर साधारणपणे मोकळीक असते.

तोंडून काही निसटलंच, किंवा कोणी येऊन कानात काही घातलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच कोर्टाच्या कर्मचाऱ्याकडे चिठ्ठी द्या. ऐकलेलं इतर ज्यूरर्सना मात्र सांगू नका, नाहीतर एकाची अडचण बाराजणांची होते. न्यायाधीश तुम्हाला बोलावून विचारतील, कदाचित घरी पाठवतील. इंग्लंडमध्ये खटला ९ ज्यूरर्सवरही चालू शकतो, अमेरिकेत बहुधा राखीव ज्यूरर असतात. दुसरं कोणी बाहेर बोलताना दिसलं तरी असंच कळवा, आणि तेही निकालाआधी. नंतर केलेल्या तक्रारीवरून निकाल उलटणं फार अवघड.