कोयनेच्या खोऱ्यात नकाशा करायला जाताय?

पहिल्याच फील्डला एका वाडीची उंची जीपीएसवर टोपोशीटपेक्षा, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या सरकारी नकाशापेक्षा, साठेक मीटर कमी आली. यंत्र बिघडलं म्हणून मी ते दोनदा बंद-चालू केलं. बिघडलं काहीच नव्हतं. रिसीव्हर पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची देत होता आणि टोपोशीटवरची उंची असते समुद्रसपाटीपासूनची. आपल्या भागात या दोन्हींत साधारण तेवढा फरक पडतोच. निघण्यापूर्वी यंत्र कुठली उंची दाखवतंय ते सेटिंग बघून घ्या.

महाबळेश्वराहून दक्षिणेकडे वाहत येणारी कोयना हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. एवढं डोक्यात ठेवलं की शीटवर दिशा चुकत नाही. कंटूरचं (समान उंचीच्या रेषेचं) टोक उगमाकडे असेल तर ओढा, उताराकडे असेल तर सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार. हे आधी हाताने गिरवा, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर नंतर.

फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळ शटल मोहिमेने रडारने मोजलेला उंचीचा डेटा फुकट मिळतो म्हणून सगळे तोच उतरवतात. पण दाट रानात रडारला जमीन धड दिसत नाही. झाडांचे शेंडे आणि जमीन यांच्या मधलीच कुठलीतरी उंची हाती येते. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, मात्र तोच डेटा चांगला चालतो.

माझी खरी फजिती कड्यावर झाली. १:५०,००० च्या शीटवर दोन कंटूरमध्ये २० मीटरचं अंतर असतं. म्हणजे पंधरा मीटरचा कडा त्यांच्या मधे अख्खा लपू शकतो. कागदावर सोंड सुरेख उतरली होती. जागेवर गेलो तर पायाखाली करवंदीची जाळी आणि पलीकडे थेट घळ. खालून गुराखी ओरडला, "तिकडनं न्हाय, नाळेनं या!" ती नाळ, म्हणजे कड्यातून उतरणारी अरुंद वाट, शीटवर नव्हतीच. त्या दिवसापासून वहीत एक पान फक्त गुराख्यांनी सांगितलेल्या वाटांचं असतं.

नावंही त्यांनाच विचारा. शीटवरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ल-ळ आणि न-ण एकच, त्यामुळे मनानेच मराठीकरण केलं की वाडीवाले हसतात.

अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, अर्ज वेळेत टाका. पावसाळा सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेल्या उतारांवर नजर लांबवर जाते.

आणि धरणाआधीची जुनी शीट मिळाली तर जपून ठेवा. शिवसागराखाली, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाखाली, गेलेली नदी, वाड्या, पायवाटा तिच्यावरच आहेत. तळाच्या कंटूर मी तिच्यावरूनच ट्रेस केल्या.