बरडावरची धनगरी खोपी पुन्हा उभारताना

विदर्भातल्या धनगराची खोपी, म्हणजे कुडाची गवती झोपडी, ही मुळात पावसाळ्याची वस्ती होती. सुगी आटोपली की मेंढ्या काळ्या रानात बसवायच्या, लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून ज्वारी घ्यायची आणि कळपाभोवती वाघूर म्हणजे जाळे लावून पालात निजायचे, असे वर्षाचे बरेचसे दिवस जात. मात्र मृग बरसून काळ्या मातीचा राबडा झाला की मेंढ्यांचे खूर सडू लागत, म्हणून कळप बरडावर, म्हणजे खडकाळ उंच माळावर, चढवावा लागे आणि तिथे खोपी घालावी लागे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला भाव चढला, पेरा वाढला आणि चराई आकसली. बरड तेवढे नांगराच्या कामाचे नव्हते, म्हणून ते मेंढ्यांना उरले.

अशी खोपी आज पुन्हा उभारायची तर जागा थोड्या उताराची घ्यावी आणि दार पूर्वेला ठेवावे, कारण पावसाची झड पश्चिमेकडून बसते. मधल्या दोन उंच मेढी, म्हणजे बेचक्याचे खांब, हात-दीड हात खोल पुरून त्यांच्या बेचक्यांत आढे, म्हणजे छपराचे मधले आडवे लाकूड, टेकवावे, कोपऱ्यांना आखूड मेढी लावाव्यात. जमिनीत जाणारे टोक आधी विस्तवात काळे पडेपर्यंत भाजले म्हणजे वाळवी उशिरा लागते. वासे हिवाळ्यात तोडलेल्या, तीन वर्षांपुढच्या बांबूचे असावेत. कोवळ्या बांबूला घुण लवकर लागतो.

खरी कसोटी कुडाची, म्हणजे काटक्यांच्या लिंपलेल्या भिंतीची, असते. तुराट्या (तुरीची वाळकी झाडे) किंवा पऱ्हाट्या (कापसाची) उभ्या दाटून बांबूच्या आडव्या कांब्यांनी आवळाव्यात. बांधायला पळसाच्या मुळ्या ठेचून काढलेला वाक (धागा) भिजवून वापरावा, तो सुकताना घट्ट होतो. लिंपायला शेतातली काळी माती हाताशी असते, पण ती घेऊ नये. मी एकदा आळसाने घेतली. वैशाखाच्या उन्हात तिला करंगळी जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि पहिल्याच झडीत निम्मा लिंपा खाली आला. काळी माती ओलीने फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून गावठाणाची पांढरी मातीच आणावी, तिच्यात गव्हाचे कुटार (भुसा) आणि शेण घालून दोन दिवस भिजवावी व पायाने तुडवावी. मातीची बोटाएवढी वळी करून उन्हात ठेवावी. ती न तडकता वाळली तर माती जमली. लिंपताना बोटे तुराट्यांच्या फटीत दाबत जावे, म्हणजे माती पलीकडून डोकावते आणि तिथेच धरून राहते.

छपराला ४५ अंशांच्या आसपास उतार हवा. त्याहून सपाट ठेवले तर गवत पाणी पिऊन कुजते. पेंढ्या वळचणीपासून वर चढवत न्याव्यात, प्रत्येक थर खालच्या थरावर निम्म्याहून जास्त यावा आणि एकूण जाडी वीतभर भरावी. मृगाच्या आधी एखाद्या दुपारी दार ओढून घेऊन आत बसावे, डोळे अंधाराला सरावले की वर पाहावे, आणि उजेडाचा ठिपका दिसेल तिथे बाहेरून एक पेंढी खुपसावी.