दुसरा माइक कशासाठी?

गिटार ॲम्पचे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीचे, ध्वनिमुद्रण शिकू लागलो तेव्हा दोन माइक लावले की आवाज आपोआप भरदार होतो, अशी माझी भाबडी समजूत होती. पहिल्याच प्रयत्नात एक डायनॅमिक माइक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा) ग्रिलच्या कापडाला जवळजवळ टेकवला आणि दुसरा, कंडेन्सर (वीज लागणारा, अधिक संवेदनशील), अंदाजाने चार बोटे मागे ठेवला. दोन्ही ट्रॅक सुटे ऐकले तर उत्तम वाटत होते, पण एकत्र केले की गिटार एखाद्या नळकांड्यातून वाजत असल्यासारखी पोकळ यायची. वादकाने सबंध भाग पुन्हा वाजवण्याची तयारी दाखवली, म्हणून त्या दिवशी निभावले.

चूक माइकच्या निवडीत नव्हती, अंतरात होती. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मागचा माइक ७ सेंटिमीटर दूर असेल, तर त्याच्यापर्यंत तोच स्वर मिलिसेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका उशिरा पोहोचतो. हा उशीर नगण्य वाटतो खरा, पण दोन्हींची पातळी सारखी असेल तर २,४५० हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना खोडतात, ७,३५० च्या जवळ पुन्हा तेच घडते, आणि गिटारचा कणखरपणा नेमका याच भागात असतो. दोन माइकची जोडी लावताना म्हणूनच दोघांचे ध्वनिग्राहक पडदे स्पीकरपासून समान अंतरावर आणावे लागतात. माइकच्या जाळ्या एका रेषेत आल्या म्हणजे पडदेही आले, असे मानू नये. पडदा जाळीच्या किती आत आहे, हे प्रत्येक माइकमध्ये वेगळे असते.

तरीही नवख्याने सुरुवात एकाच माइकने करावी, असे माझे ठाम मत आहे. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासून बाजारात असलेला डायनॅमिक माइक दणकट आहे, मोठ्या आवाजाला सहसा दबत नाही, आणि सुमारे ६ किलोहर्ट्झजवळ त्याला असलेल्या उठावामुळे गिटार इतर वाद्यांच्या गर्दीतूनही पुढे येते. तो स्पीकरच्या मध्यावर, म्हणजे डस्ट कॅप या मधल्या गोल टोपीसमोर धरला तर आवाज टोकदार येतो, आणि कडेकडे सरकवत नेला तर मऊ व गडद होत जातो. दोन-तीन सेंटिमीटरनेही पडणारा हा फरक पुष्कळदा नवा माइक घेतल्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो. कापडामागचा स्पीकर दिसत नसल्यास विजेरीचा झोत टाकून डस्ट कॅपची कड शोधावी आणि कापडावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ती जागा पक्की करावी. वादकाला ॲम्पसमोर उभे राहून जो आवाज ऐकू येतो तो बहुधा स्पीकरच्या अक्षाबाहेरचा, म्हणून सौम्य असतो. माइक मात्र थेट तोंडासमोर असतो. ‘माझा ॲम्प असा कर्कश नाही’ ही वादकाची तक्रार त्यामुळेच खरी असते, आणि ती मनावर घ्यावी.

एका माइकने काय उणे राहते हे कळले, की मगच दुसरा आणावा. टोक आहे पण अंग नाही, असे वाटले तर रिबन माइक (यात पडद्याच्या जागी धातूची पातळ पट्टी असते), उदाहरणार्थ १९९८ मध्ये आलेला रॉयर आर-१२१, उपयोगी पडतो; त्यात वरचे स्वर मवाळ येतात आणि तो जवळ धरला की खर्ज वाढतो. सेनहायझरचा एमडी ४२१ हा डायनॅमिक माइक मला जड, डिस्टॉर्शनच्या (मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाच्या) सुरावटींसाठी अधिक आवडतो. कंडेन्सर मी आता क्वचितच इतक्या जवळ लावतो. खोलीचा आवाज हवा असेल तेव्हा तो मीटरभर मागे जातो, आणि तिथे मुद्दाम ठेवलेले अंतर कानाला पोकळ न वाटता आवाजाला गहिरेपणा देते. जुन्या रिबनला चुकीच्या जोडणीच्या केबलमधून फँटम पॉवर (कंडेन्सरसाठी केबलमधून दिली जाणारी वीज) मिळाली तर त्याची पट्टी ताणली जाऊ शकते, म्हणून तो जोडण्याआधी ते बटण बंद असल्याची खातरजमा करावी.

जोडी जुळली का, हे तपासण्याची माझी रीत साधी आहे. दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये सारख्या पातळीवर आणून एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवतो, वादकाला एकच सुरावट वाजवत राहायला सांगतो, आणि हेडफोन लावून दुसरा माइक अगदी थोडा थोडा सरकवतो. आवाज जिथे सर्वांत पातळ, बिनखर्जाचा आणि केविलवाणा होतो, तिथे स्टँड घट्ट करून पोलॅरिटी पूर्ववत करतो; तीच जोडीची सर्वांत भरीव जागा ठरते. त्यानंतर दोन्ही पातळ्या सारख्याच ठेवण्याची गरज नसते. बहुतेक वेळा एसएम५७ मुख्य राहतो आणि रिबन त्याच्याखाली हलकेच मिसळलेला असतो. मागच्या एका कामात तर बेस गिटारचा ट्रॅक आल्यावर रिबनचा खर्ज अडगळ ठरू लागला, तेव्हा तासभर खपून जुळवलेल्या त्या माइकचा फेडर (पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) मी पूर्ण खाली ओढला.