पाव, पाऊण, टक्का : रोजचा हिशेब तोंडी कसा करावा

भाजीवालीच्या काट्यावर ०.३७५ आकडा आला आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाने मोबाइल काढला. मटार ऐंशी रुपये किलो. त्याचा कॅलक्युलेटर उघडेपर्यंत मावशी म्हणाल्या, "दीड पाव झालाय, तीस रुपये दे." मुलाने तरी गुणाकार केलाच. तीसच आले.

मावशींनी काय केलं? ऐंशीचा पाव वीस, त्याचा अर्धा दहा, झाले तीस. दीड पाव म्हणजे ३/८, म्हणजेच ०.३७५, म्हणजेच साडेसदतीस टक्के. एकाच मटाराची ही तीन नावं. शाळेत अपूर्णांक, दशांश आणि शेकडेवारी वेगवेगळ्या धड्यांत येतात, त्यामुळे ती तीन वेगळी प्रकरणं आहेत असा आपला समज होऊन बसतो. व्यवहारात मात्र समोर आलेल्या आकड्याला त्या क्षणी सोयीचं नाव देता आलं, की निम्मं काम होतं.

आधी तोंडातले अपूर्णांक कामाला लावा

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे. मराठी माणूस हे अपूर्णांक दिवसभर बोलतो, फक्त त्यांना गणित म्हणत नाही. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी असे पाढेच पाठ करून घेत. ते सगळे आज पाठ करा असं मी म्हणणार नाही, मलाही येत नाहीत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सव्वादोन म्हणजे २.२५, पण सव्वाशे म्हणजे १२५ आणि सव्वा लाख म्हणजे १,२५,०००. सव्वामधला पाव हा पुढच्या एककाचा पाव असतो. सव्वाशेत शंभराचा पाव, म्हणजे पंचवीस. शंभरावर पंचवीस, म्हणजे २५ टक्के वाढ. म्हणून भाव सव्वापट झाला म्हणजे २५ टक्के वाढला, दीडपट झाला म्हणजे ५० टक्के. टक्केवारी आपल्या बोलण्यात आधीच आहे.

एवढ्या जोड्या डोक्यात पक्क्या असाव्यात:

- १/२ = ०.५ = ५० टक्के
- १/४ = ०.२५ = २५ टक्के, ३/४ = ०.७५ = ७५ टक्के
- १/५ = ०.२ = २० टक्के
- १/८ = ०.१२५ = साडेबारा टक्के
- १/३ = ०.३३३… = ३३.३३ टक्के, २/३ = ६६.६७ टक्के
- १/६ = १६.६७ टक्के

बाकीचे यांतूनच निघतात. ३/५ हवा असेल तर वीसची तिप्पट, साठ टक्के.

नाव बदलायचं कसं

अपूर्णांकाचा दशांश करायला अंशाला छेदाने भागा. ३/८ म्हणजे तीन भागिले आठ, ०.३७५. दशांशाचे टक्के करायला दशांश चिन्ह दोन घरं उजवीकडे सरकवा: ३७.५. टक्क्यांवरून परत यायचं तर दोन घरं डावीकडे: १८ टक्के म्हणजे ०.१८, ५ टक्के म्हणजे ०.०५. या शेवटच्या शून्यापाशी लोक घसरतात. पाच टक्क्यांसाठी ०.५ ने गुणलं तर थेट निम्मी रक्कम हातात येते.

पाव टक्क्याचीही तीच गंमत. पाव म्हणजे पंचवीस हे इतकं मुरलेलं असतं, की व्याजदर पाव टक्क्याने वाढला हे ऐकून काहींना पंचवीस टक्के वाढ डोळ्यांपुढे येते. पाव टक्का म्हणजे ०.२५ टक्के, म्हणजे ०.००२५. वीस लाखांच्या शिल्लक कर्जावर वर्षाला पाच हजार रुपये. आणि दर ८ वरून ९ टक्के झाला तर तो एका टक्क्याने वर गेला हे खरं, पण आधीच्या दराच्या मानाने तो एक-अष्टमांशाने, म्हणजे साडेबारा टक्क्यांनी वाढला. बातमीत यातलं कोणतं सांगितलंय ते पाहून घ्यावं.

छेद सोयीचा असेल तर भागाकारही करू नका. दहावीचे गुण 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने ५०० पैकी धरतात. ४३७ मिळाले तर दुप्पट करा, ८७४, म्हणजे हजारात ८७४, म्हणजे ८७.४ टक्के. इथे एका गुणाला ०.२ टक्के पडतात. म्हणून ५०० पैकी पूर्ण गुणांवरून काढलेली टक्केवारी ८७.२ येईल, ८७.४ येईल, ८७.३ कधीच येणार नाही. निकालाच्या दिवशी फोनवर कुणी ८७.३ सांगितले तर पेढे घ्यावेत आणि गप्प बसावं.

एक-तृतीयांश मात्र दशांशात नीट बसत नाही. ०.३३ लिहा, ०.३३३३ लिहा, तिप्पट केल्यावर एक पुरा होत नाही. आमच्या गावाकडच्या एका जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, तिघा भावांचा प्रत्येकी हिस्सा "५ आणे ४ पै" असा लिहिलाय. मला वाटायचं, कुणीतरी अंदाजाने लिहिलं असेल. मग हिशेब केला: अख्खी जमीन म्हणजे एक रुपया, रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. पाच आणे म्हणजे ६० पै, वर ४, एकूण ६४. आणि १९२ चा बरोबर तिसरा हिस्सा ६४. एक पैही वर-खाली नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले, हिशेब सोपा झाला, पण तिघांत रुपया वाटायची ती सोय गेली. त्यामुळे तिघांत काही वाटायचं असेल तर शेवटपर्यंत १/३ च ठेवा आणि भागाकार सगळ्यात शेवटी एकदाच करा. आधीच ३३ टक्के धरलेत तर दहा लाखांत दहा हजार कुणाच्याच वाट्याला येत नाहीत, आणि भावाभावांत दहा हजार पुष्कळ होतात.

दुकानात: दहा टक्क्यांवरून बाकीचे

कोणत्याही रकमेचे दहा टक्के काढायला शेवटचा आकडा दशांश चिन्हापलीकडे ढकला. २,४८० ची साडी, १५ टक्के सूट. दहा टक्के २४८, त्याचे निम्मे म्हणजे पाच टक्के १२४, मिळून ३७२. द्यायचे २,१०८. एक टक्का २४.८०, तो हाताशी असला की १७ टक्के, २३ टक्के असे आडवेतिडवे आकडेही जुळवता येतात.

आणखी एक युक्ती, जी शाळेत मला कुणी सांगितली नाही: अ चे ब टक्के आणि ब चे अ टक्के सारखेच. ५० चे १८ टक्के अवघड वाटले तर १८ चे ५० टक्के काढा. नऊ.

आता पाटी अशी असते: "५०% + २०% सूट". लोक मनात सत्तर धरतात. दुसरी सूट पहिली सूट वजा होऊन उरलेल्या रकमेवर असते. २,००० चे आधी १,००० झाले, मग त्याचे वीस टक्के म्हणजे २०० कमी, द्यायचे ८००. सूट साठ टक्के. यासाठी सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे किती गेलं हे न मोजता किती उरलं ते मोजणं. ५० टक्के सूट म्हणजे उरले ०.५, २० टक्के सूट म्हणजे उरले ०.८. ०.५ × ०.८ = ०.४. शंभरातले चाळीस द्यायचे.

वाढीलाही हेच. सोनाराकडे सोन्याची किंमत एक लाख धरा, घडणावळ १२ टक्के, आणि त्या एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी. बारा आणि तीन पंधरा म्हणून १,१५,००० घेऊन गेलात तर कमी पडतील: १.१२ × १.०३ = १.१५३६, म्हणजे १,१५,३६०. दागिन्यावरचा ९१६ चा शिक्काही अपूर्णांकच. २२ कॅरट म्हणजे चोवीसातले बावीस भाग सोनं; २२ भागिले २४ म्हणजे ०.९१६६…, हजारात ९१६. १८ कॅरटवर ७५० असतं, चोवीसात अठरा म्हणजे पाऊण.

उलटं जायचं असेल तेव्हा

नेहमीची चूक इथे होते, आणि शिकलेल्यांचीही होते. १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८० आलं. मूळ किंमत किती? बरेच जण १,१८० चे १८ टक्के, म्हणजे २१२.४० वजा करतात आणि ९६७.६० वर येतात. पण कर १,१८० वर लागलेला नाही, मूळ किमतीवर लागलाय. मूळ किंमत × १.१८ = १,१८०, म्हणून १,१८० भागिले १.१८, म्हणजे १,०००. गुणून वर गेलो असू तर भागून खाली यायचं.

सुटीचंही तसंच. १५ टक्के सूट जाऊन कुर्ता १,५३० ला पडला, तर छापील किंमत १,५३० भागिले ०.८५, म्हणजे १,८००. आणि पगार दहा टक्के कापून पुढच्या वर्षी दहा टक्के वाढवला तर तो पूर्वीइतका होत नाही: ३०,००० चे २७,०००, आणि त्यावर २,७०० वाढून २९,७००. दर वेळी एकच विचारायचं: टक्के कशाचे?

शेकडा दोन

हाच प्रश्न व्याजात महागात पडतो. बँकेत "बारा टक्के" म्हणजे वर्षाला. खासगी उसनवारीत आणि अनेक बचत गटांत "शेकडा दोन" किंवा "दोन टक्के" म्हणजे महिन्याला. दोन हा आकडा बारापेक्षा लहान दिसतो एवढंच. पन्नास हजारांवर शेकडा दोन म्हणजे महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार, म्हणजे २४ टक्के. बँकेच्या दुप्पट. तुलना करण्याआधी दोन्ही दर वर्षाचे करा किंवा दोन्ही महिन्याचे. मग हेही विचारा, की मुद्दल फिटत जाईल तसं व्याज उरलेल्या मुद्दलावर लागणार की शेवटपर्यंत पहिल्या पन्नास हजारांवर. दुसऱ्या प्रकारात कागदावर दर तोच राहतो आणि पैसे बरेच जास्त जातात.

टिंब दिसलं म्हणजे दशांश नव्हे

ही माझी स्वतःची चूक. आईसाठी दिवसा ताई येत, त्यांचे तास मी वहीत लिहायचो. सात तास पंचेचाळीस मिनिटं म्हणून ७.४५. महिनाअखेर कॅलक्युलेटरवर सव्वीस दिवसांची बेरीज करून पैसे दिले. ताई म्हणाल्या, "दादा, मी रोज पावणेआठ तास करते आणि तुमच्या वहीत साडेसातसुद्धा भरत नाहीत." बरोबर होतं त्यांचं. पावणेआठ म्हणजे ७.७५. तासाला साठ मिनिटं असतात, शंभर नाहीत. रोज ०.३ तास, सव्वीस दिवसांत ७.८ तास मी त्यांचे खाल्ले होते. ऐंशी रुपये तासाने ६२४ रुपये. मिनिटांना साठने भागा आणि मग टिंबाच्या पुढे लिहा: १५ मिनिटं ०.२५, २० मिनिटं ०.३३, ४५ मिनिटं ०.७५. पावणे, सव्वा, साडे असं मनात बोललात तर हे आपोआप होतं.

फुटांतही हा सापळा आहे. साडेपाच फूट म्हणजे ५ फूट ६ इंच. पाच फूट पाच इंचांना ५.५ लिहिलं की सुतार एका इंचाने चुकतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर असं असतं, हेक्टरचे शंभर आर. १ हेक्टर ५ आर हे १.०५ आहे. घाईत १.५ लिहिलं तर वाचणारा १ हेक्टर ५० आर समजेल, आणि मधले ४५ आर म्हणजे एकरभराहून जास्त जमीन होते.

क्रिकेटमध्ये १८.४ षटकं म्हणजे अठरा षटकं आणि सहापैकी चार चेंडू, १८ पूर्णांक २/३. त्यात १६८ धावा झाल्या असतील तर १८.४ ने भागून ९.१३ ची धावगती काढू नका. चेंडू मोजा: ११२. १६८ भागिले ११२ म्हणजे चेंडूला दीड धाव, षटकाला बरोबर नऊ.