परतीच्या वेळेपासून सुरू होणारी तयारीची यादी

डोंगराळ ग्रामीण भागात जुने गड, मठ, कोरीव गुहा, पडीक खाणी आणि धबधबे पाहायला निघताना बहुतेकांची यादी ठिकाणांच्या नावांनी सुरू होते आणि पाठपिशवीत काय भरायचे याच्याशी संपते. माझ्या यादीतील पहिली नोंद परतीच्या वेळेची असते. त्या दिवशी सूर्य किती वाजता मावळणार हे पाहून त्याच्या दोन तास आधीची वेळ मी ‘पायथ्याशी परत’ म्हणून लिहितो आणि तिथून मागे मागे येत उतरण, माथ्यावरचा मुक्काम, चढण आणि पायथ्यापर्यंतचा प्रवास यांना वेळ वाटून देतो. दोन तास आधीची वेळ धरण्यामागे भित्रेपणा नाही. फोनवर दिसणारी सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते, आणि खोल दरीत सूर्य पश्चिमेच्या डोंगराआड गेला की वर आकाश उजळ असतानाही वाटेवर काळोख साचू लागतो. माथ्यावर असताना हात लांब करून सूर्य आणि समोरच्या डोंगरधारेच्या मध्ये चार बोटे आडवी मावली, तर साधारण तासभर प्रकाश उरला असे भटके मानतात. विषुववृत्ताजवळ मात्र सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरत असल्यामुळे तिथे हाच अंदाज चाळीस मिनिटांवर आणावा.

चढणीचा हिशेब मनाने करू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली मांडलेला नियम आजही कामी येतो: सपाटीवर ताशी सुमारे 5 किलोमीटर चाल धरावी आणि प्रत्येक 600 मीटर चढाईसाठी एक तास जादा मिळवावा. म्हणजे 6 किलोमीटरची वाट असेल आणि तीत 450 मीटर चढायचे असेल, तर अंतराचा सव्वा तास आणि चढणीचा पाऊण तास मिळून दोन तास होतात. हे दोन तास धडधाकट माणसाचे आणि कुठेही न थांबता चालण्याचे आहेत. बरोबर लहान मुले असतील, गुडघ्यांची तक्रार असणारे कोणी असेल किंवा वाट निसरडी असेल, तर त्यात निम्म्याने भर घालावी. उतरायला निम्मा वेळ पुरेल ही समजूत यादीतून आधी खोडावी. झिजलेल्या दगडी पायऱ्या आणि सुटी खडी यांवरून उतरताना पाय जपून टाकावा लागतो आणि थकव्यामुळे पाय घसरतात तेही बहुधा उतरतानाच.

एवढी बेरीज कागदावर मांडली की ठिकाणांची यादी आपोआप आखूड होते, आणि ती व्हावीच. चढून जाण्याचे एक मोठे स्थळ, गाडीरस्त्याजवळचे दुसरे एक आणि वेळ उरलाच तर तिसरे, यापेक्षा अधिक एका दिवसात बसवू नये. नकाशावर बोटभर अंतरावर दिसणारी दोन गावे प्रत्यक्षात एका दरीच्या दोन काठांवर असतात आणि त्यांच्यामधला रस्ता वळणे घेत खाली उतरून पुन्हा वर चढतो. म्हणून सरळ रेषेतल्या अंतरावर कधीच विसंबू नये. गाडी स्वतः चालवायची असेल तर इंधन शेवटच्या मोठ्या गावातच भरून घ्यावे, लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरण्याऐवजी खालचा गिअर टाकावा आणि अरुंद रस्त्यावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

नकाशाच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा, कारण नेटवर्क नसतानाही जीपीएस आपले स्थान सांगत राहते, पण ज्यावर ते स्थान दाखवायचे तो नकाशाच नसेल तर कोऱ्या पडद्यावरचा निळा ठिपका काही उपयोगाचा नसतो. तरीही कागदी नकाशा बरोबर असावाच. 1:50,000 या प्रमाणाच्या नकाशावर 2 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोमीटर, आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा जिथे एकमेकींना खेटून आल्या असतील तिथे चढ उभा, एवढे दोन धडे आदल्या रात्री घोटून घेतले तरी पुष्कळ आहे. वाट पेन्सिलीने आखून घ्यावी आणि ती जिथे ओढा ओलांडते, जिथे फुटते आणि जिथून अर्ध्यातून परत फिरता येते, त्या जागांवर खुणा कराव्यात. फोन एअरप्लेन मोडवर ठेवल्यास नेटवर्क शोधण्यात बॅटरी वाया जात नाही. वाटेवर कोणीतरी रचलेल्या दगडांच्या उतरंडी दिसतील. त्यांत हौसेने आपली भर घालू नये, कारण धुक्यात मागून येणारा माणूस तिलाच वाटेची खूण समजतो.

स्थळ उघडे आहे का, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि नेमका तोच राहून जातो. एकदा दीड तास चढून आम्ही एका लहानशा दगडी प्रार्थनास्थळाशी पोहोचलो, तर दाराला कुलूप होते आणि किल्ली खालच्या गावातील ज्या घरी असते त्याच्या अंगणातूनच आम्ही सकाळी गेलो होतो. ग्रामीण भागातील अनेक छोट्या वास्तूंची व्यवस्था अशीच असते, तेव्हा किल्ली कोणाकडे असते हे पायथ्याशी विचारणे यादीत लिहून ठेवावे. मोठ्या स्थळांची तऱ्हा वेगळी. पेरू देशातील माचू पिचू या प्राचीन डोंगरी नगराला ठरावीक वेळेचे आणि ठरावीक मार्गाचे तिकीट लागते, तेव्हा उशीर झाला तर केवळ तिथवर पोहोचल्याने आत जाता येईल असे नाही. शिवाय ते स्थळ सुमारे 2,430 मीटरवर असले तरी प्रवास ज्या कुस्को शहरातून सुरू होतो ते सुमारे 3,400 मीटरवर आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास व्हायचा तो आधी शहरातच होतो आणि सवय होण्यासाठीचे एक-दोन दिवस वेळापत्रकात तिथेच धरावे लागतात. मसादा या वाळवंटातील डोंगरी किल्ल्यावर जाणारी पायवाट कडक उन्हाच्या दिवशी बंद ठेवली जाते. फ्रान्समधील लास्को गुहेतील आदिम चित्रे 1940 मध्ये सापडली आणि 1948 मध्ये लोकांसाठी खुली झाली, पण माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांमुळे त्यांची हानी होऊ लागल्याने 1963 मध्ये ती गुहा बंद करावी लागली. आज तिथे जाणाऱ्याला जे दिसते ती हुबेहूब केलेली प्रतिकृती असते. ती पाहण्यात कमीपणा नाही, मात्र आपण मूळ पाहणार आहोत की प्रतिकृती, हे घरून निघतानाच ठाऊक असावे.

विजेरी बरोबर घ्यावी हे सगळेच सांगतात. मी दोन घेतो, आणि दुसरी केवळ अंधारासाठी नसते. झिजलेला शिलालेख भर दुपारी समोरून पाहिला तर नुसता खडबडीत दगड दिसतो. तोच सावलीत आला असताना विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून एका बाजूने तिरपा प्रकाश टाकावा. खोदलेल्या प्रत्येक रेघेत बारीक सावली पडते आणि क्षणापूर्वी काहीच नव्हते तिथे अक्षरांची ओळ उमटते. छिन्नीचे घाव, पुसट झालेली नक्षी, गवंड्याने दगडावर कोरलेली आपली खूण, हे सारे याच युक्तीने हाती लागते. विजेरी नसेल तर सकाळचे किंवा उतरतीचे ऊन हेच काम करते, म्हणून कोरीव काम कोणत्या दिशेच्या भिंतीवर आहे हे कळले तर भेटीची वेळ त्यावरून ठरवावी. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरणे किंवा त्यांवर पाणी ओतणे हे मात्र कटाक्षाने टाळावे. रंगीत भित्तिचित्रांचे छायाचित्रण अनेक ठिकाणी मुळातच बंद असते. श्रीलंकेतील सिगिरियाच्या कड्यावरील चित्रांना ते लागू आहे, आणि त्याच कड्यावर गांधीलमाश्यांची मोहोळे असल्याने तिथे आवाज न करता चढण्याच्या सूचनाही लावलेल्या आहेत.

जुन्या वास्तूचे दगड केवळ वास्तूतच शोधू नयेत. इंग्लंडच्या उत्तर भागात इसवी सन 122 मध्ये बांधायला घेतलेल्या, रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीचे घडीव दगड पुढच्या शतकांत आसपासची शेतघरे, कुंपणे आणि चर्च बांधायला नेले गेले, त्यामुळे भिंत जिथे जमिनीवर दिसेनाशी होते तिथे ती शेजारच्या गोठ्यात दिसते. अशा भागात जायचे असेल तर दुपारचा एक तास गावातून नुसते हिंडायला राखून ठेवावा. उरलेल्या भिंतीवर चढून चालू नये, सुट्या दगडांच्या शेतबांधांवरून उड्या मारू नयेत, आणि वाटेतले फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत सोडावे. उघडे फाटक लावून घेणे हा चांगुलपणा वाटला तरी त्याने जनावरांचा पाण्याकडे जाण्याचा रस्ता तुटू शकतो. वासरू बरोबर असलेल्या गाईला लांबून वळसा घालावा, आणि कुत्रा बरोबर असेल तर जास्तच लांबून.

गुहांसाठी कपड्यांची एक वेगळी सूचना आहे. उत्तर अमेरिकेत 2006 पासून एका बुरशीच्या रोगाने वटवाघळांच्या वसाहतीच्या वसाहती नष्ट केल्या, आणि ती बुरशी माणसांच्या बुटांवरून व कपड्यांवरून एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाऊ शकते. म्हणून एका गुहेत वापरलेले कपडे न धुता दुसरीत नेऊ नयेत आणि बुटांची माती बाहेरच झाडावी. पडीक खाणीत तर कुतूहल कितीही असले तरी तोंडापलीकडे जाऊ नये. तिथली हवा विषारी असू शकते आणि पायाखालची फळी कुजलेली असू शकते, आणि या दोन्ही गोष्टी विजेरीच्या प्रकाशात कळत नाहीत.

अंगावरच्या कपड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: दर 1,000 मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, वारा त्यात भर घालतो, तेव्हा एक उबदार आणि एक पाऊस अडवणारा थर पाठपिशवीत असावा आणि बूट आधी वापरून मऊ झालेले असावेत. पाणी ताशी अर्धा लिटर धरावे, उन्हाळ्यात अधिक, आणि नकाशावरील झरा वाहता असेलच असे समजू नये. पट्ट्या, जंतुनाशक, रोजची औषधे आणि गोचीड काढायला बारीक चिमटा एवढे प्रथमोपचाराला पुरते.

हवामानाचा अंदाज गावाचा न पाहता माथ्याच्या उंचीचा पाहावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ लागला, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा डोंगरधार, एकटे झाड आणि पडका बुरूज सोडून खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नये. धबधब्याच्या डोहात उतरण्यापूर्वी वरच्या डोंगरावरचे आभाळ पाहावे. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा त्याच्या आवाजात फरक पडला, तर सामान गोळा करत न बसता काठावरून उंच जागी जावे.

यादीतील शेवटची नोंद कागदाच्या दोन प्रतींत लिहायची असते. कोणती वाट, बरोबर कोण कोण, गाडी कुठे लावली आणि पहिल्या ओळीत ठरवलेली परतीची वेळ, एवढे लिहून एक प्रत घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी द्यावी, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागायची हेही त्यावर लिहावे. दुसरी प्रत आपल्या खिशात राहते, आणि तिच्या मागे तिथला आणीबाणीचा क्रमांक असतो. अनेक देशांत तो 112 आहे. फोन लागतच नसेल तर शिट्टीचे किंवा विजेरीचे मिनिटात सहा इशारे द्यावेत, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा द्यावेत. उत्तरादाखल मिनिटात तीन इशारे आले तर कोणीतरी ऐकले आहे. सगळे ठरल्याप्रमाणे पार पडले, तर उतरताना जिथे पहिल्यांदा नेटवर्क मिळेल तिथेच थांबून ‘खाली आलो’ असे कळवावे, कारण नंतर जेवताना कळवू म्हटले की ते हमखास राहते आणि तिकडे शोधाला निघालेली माणसे अंधारात डोंगर चढत असतात.