घास अडकतो? मग निदान या चुका तरी टाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी छत्तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. लाइन तुंबली की आधी व्हॉल्व्ह बघा, टाकीला दोष देऊ नका, हे नव्या पोरांना मी शिकवायचो. आणि स्वतःच्या अन्ननलिकेच्या बाबतीत मात्र अडीच वर्षं टाकीवरच औषधं ओतत बसलो. अकॅलेशिया या अन्ननलिकेच्या आजाराचं निदान झाल्यापासून ओळखीपाळखीतून नंबर घेऊन लोक फोन करतात. सिन्नर, ओझर, एकदा थेट नंदुरबारहून. हा आजार तसा विरळा, वर्षाला लाखात साधारण एकाला होणारा. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, जगात हे आपल्यालाच झालंय. चुका मात्र सगळ्यांच्या त्याच त्या.

आधी दोन ओळीत आजार. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. घास आला की ती सैल पडते. अकॅलेशियात तिला सैल करणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात, आणि घास खाली ढकलणारी नळीची लाटही थांबते. मग जेवण नळीतच साठतं.

सगळ्यात मोठी चूक: ‘ॲसिडिटी आहे हो, दुसरं काय’

गंगापूर रोडच्या पुढे एका रविवारी मेहुण्यांबरोबर मिसळ खायला गेलो होतो. दुसऱ्या पावाचा तुकडा छातीच्या मधोमध बसला तो बसलाच. पाणी प्यालो, तेही त्याच्यावर जाऊन थांबलं. फोन आल्याचं नाटक करून बाहेर गेलो आणि गाडीच्या आडोशाला सगळं बाहेर आलं. मटकीचा दाणा न् दाणा ओळखू येत होता. आंबट नाही, कडू नाही, जसं खाल्लं तसं.

खूण तिथेच होती. जठरात पोहोचलेलं अन्न उलटलं की घसा आंबतो, जळतो. हे जठरापर्यंत गेलंच नव्हतं. पण मी काय केलं? घरी जाऊन पॅन्टोप्राझोलची, म्हणजे ॲसिड कमी करणारी, गोळी घेतली. पुढे डोस वाढवला. एका डॉक्टरांनी ‘टेन्शन कमी करा’ म्हटलं, तेही ऐकलं. अधूनमधून छातीत जळजळायचं, म्हणून गोळीवरचा विश्वास उडायचा नाही. नळीत कुजणाऱ्या अन्नानेही जळजळ होते, हे मला कुठे माहीत होतं?

तेव्हा माझा नियम ऐका. पंधरा दिवस गोळी घेऊनही घास अडकतोय, आणि कोरडंच नाही तर पाणीसुद्धा थांबतंय, तर गोळी बदलून मागू नका, तपासणी मागा. बेरियमचा एक्स-रे म्हणजे खडूसारखं पांढरं पाणी प्यायचं आणि फोटो काढायचे. नळी वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. दुर्बीणही (एंडोस्कोपी) करावीच लागते, कारण जठराच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ असली तरी हुबेहूब असंच चित्र दिसू शकतं. वय झालेलं, त्रास अलीकडचा आणि वजन भराभर उतरतंय, अशा माणसाने तर एक दिवस थांबू नये. उलट सुरुवातीच्या काळात दुर्बिणीत सगळं ठीकही दिसतं. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून फाइल कपाटात टाकणारे तिथेच फसतात.

शेवटचा शब्द मॅनोमेट्रीचा. नाकातून बारीक नळी घालून घोटाघोटाला अन्ननलिकेतला दाब मोजतात. डोळ्यांतून पाणी येतं, खोटं कशाला बोलू. पण अकॅलेशियाचे तीन प्रकार आहेत, आणि कुठला उपचार करायचा, स्नायू किती लांब कापायचा, हे त्यावर ठरतं. ‘काका, ती नाकातली नळी टाळता येईल का हो?’ असं विचारणाऱ्यांना मी सांगतो, प्रेशर गेज न लावता लाइन उघडणारा फिटर मी एक दिवस ठेवला नसता.

दुसरी चूक: रात्रीपासून उपाशी म्हणजे उपाशी

पहिल्या दुर्बिणीच्या कागदावर छापलं होतं: रात्री आठनंतर काही खाऊ नये. मी सरळमार्गी माणूस, साडेसातलाच आटोपलं. आषाढी एकादशी होती, साबुदाण्याची खिचडी. सकाळी दुर्बीण आत गेली आणि डॉक्टरांनी लगेच बाहेर ओढली. मला ठसक्यावर ठसका. “काका, उपाशी या म्हटलं होतं ना?” बाहेरून आमच्या सौभाग्यवती, “अहो, माझ्या डोळ्यांदेखत उपाशी होते!” दोघंही खरं बोलत होते. पोट रिकामं होतं, नळी खिचडीने भरलेली.

आज हे हसत सांगतो, पण गुंगीत ते अन्न फुप्फुसात गेलं असतं तर न्यूमोनियावर निभावलं असतं की नाही, देव जाणे. एवढ्यावरूनच खरा संशय आला, एवढाच त्या खिचडीचा उपकार.

आता दुर्बीण असो की ऑपरेशन, मी तीन दिवस आधी घन पदार्थ बंद करतो. पहिल्या दिवशी पातळ पेज, नागलीची आंबील. पुढे फक्त गाळलेलं: वरणाचं पाणी, नारळपाणी. तुम्हाला किती दिवस लागतील ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण विचारावं तुम्हीच लागतं. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपल्या तोंडाने सांगा, ‘माझ्या नळीत अन्न साठतं.’ फाइलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नका.

बाकीच्या, पटापट

रात्री दहाला जेवून आडवं होणं. सकाळी उशीवर डाग आणि रात्रभर खोकला असेल तर ते अन्न वर येतंय. मी सातला जेवतो आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात. नुसत्या उशा रचल्या की मानच मोडते.

फ्रिजचं पाणी. मला कोमटच मानवतं, नाशिकच्या जानेवारीत तर थर्मास बरोबरच असतो.

गोळी घोटभर पाण्याने गिळून लगेच झोपणं. ती नळीत चिकटून व्रण पडतो. पातळ औषध मिळतं का विचारा.

घास अडकला की वर भाताचा गोळा ढकलणं, पाठीत बुक्के मारणं. उभं राहा, गप्प राहा, थांबा. थुंकीही गिळता येत नाही असे तास जाऊ लागले तर सरळ कॅज्युअल्टी.

वमनधौती, म्हणजे मिठाचं पाणी पिऊन उलटी काढणं. आधीच भरलेल्या नळीत तांब्याभर मिठाचं पाणी? सुचवणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा.

‘छान बारीक झालात की!’ याला भुलू नका. दर रविवारी वजन लिहून ठेवा.

घाईवाले आणि ऑपरेशनवाले

‘काका, कापाकापी नको, ते इंजेक्शन चालेल ना?’ बोटॉक्सचं इंजेक्शन कडी सैल करतं, पण काही महिने, फार तर वर्षभर. पुन्हा पुन्हा घेतलं की तिथे वण धरतात आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. ज्यांना भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी ते ठीक. पस्तिशीतल्या धडधाकट माणसाने ते मागावं याचा मला राग येतो.

मुळात उपचाराची कल्पना जुनी आणि साधी आहे, ती कडी उघडायची. १६७४ मध्ये थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने व्हेलच्या हाडाच्या काठीला स्पंज बांधून रुग्णाचं अन्न खाली ढकललं होतं. १९१३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलरने स्नायू कापला, ते ऑपरेशन आज दुर्बिणीने करतात. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तोंडातूनच आत शिरून तो स्नायू कापला, ते पोएम. फुग्याने ताणायचाही मार्ग आहे, तीस मिलिमीटरच्या फुग्यापासून सुरुवात करतात, नळी फाटण्याचा थोडा धोका असतो. मी पोएम केलं. पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली, काही दिवसांनी परत.

आणि इथे शेवटची चूक: ‘ऑपरेशन झालं, विषय संपला.’ व्हॉल्व्ह उघडला, पण नळीची लाट परत येत नाही. घास आता स्वतःच्या वजनाने उतरतो, म्हणून ताठ बसणं, चावणं, वर पाणी हे जन्माचं. शिवाय उघड्या व्हॉल्व्हमधून ॲसिड वर येतं, पोएमनंतर तर बऱ्याच जणांना. म्हणजे अडीच वर्षं जी गोळी फुकट गिळली, तीच आता रोज सकाळी लागते, आणि सांगितलेल्या वेळी दुर्बीणही.

मिसळ खातो. पाव नाही, रश्श्यात कुस्करलेली बाजरीची भाकरी, घरून डब्यात नेलेली. एका प्लेटला मला चाळीस मिनिटं लागतात. तोवर मेहुण्यांचा तिसरा चहा होतो आणि हॉटेलवाला आमच्या टेबलाकडे बघायला लागतो.