परतीचा पाऊस यायच्या आत बियाण्याच्या भोपळ्याखाली तुराट्या घाला

पितृपक्ष लागला की तांबड्या भोपळ्याला गिऱ्हाईक येतं. बाजारात न्यायचे ते खुशाल तोडा. पण जूनमध्ये धुऱ्यावर, कपाशीच्या कडेला किंवा उकिरड्याजवळ घरचं गावरान बी लावलं असेल, तर त्यातले पाच-सहा भोपळे बियाण्यासाठी आजच हेरून ठेवा. त्यांच्या देठाला लाल चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. आणि आजच, उद्यावर न टाकता, प्रत्येकाच्या बुडाखाली तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, सरकवा.

हे एवढं एकच काम राहून जातं आणि वाण जातो. वर्षानुवर्षं हेच बघतोय. आपली काळी जमीन एकदा भिजली की आठ-आठ दिवस वापसा येत नाही, म्हणजे काम करण्याइतकी सुकत नाही. दहा किलोचा भोपळा तिच्यावर बसला की बुडाखाली ना वारा लागतो ना ऊन. साल तिथे मऊ पडते, मातीतली बुरशी आत शिरते आणि फळकूज खालून वर चढत जाते. वरून काही म्हणता काही दिसत नाही. माझ्या चुलतीकडे चपट्या, खोल फाकांच्या भोपळ्याचं जुनं बी होतं, तिनं माहेराहून आणलेलं. दसऱ्यानंतर तोडू म्हणून एक मोठा भोपळा वेलावरच ठेवला होता. रंग पक्का, नख लागत नव्हतं. दोन्ही हातांनी उचलला तर वरची वाटी तेवढी हातात आली, बुड मातीतच राहिलं. आत आंबूस पाणी, अळ्या आणि काळं पडलेलं बी. ते वाण आता आमच्या घरात नाही.

2025 च्या सप्टेंबरात सीना, मांजरा आणि गोदावरीच्या काठाला पूर आला. ज्यांच्या रानातून पाणीच वाहून गेलं, त्यांच्या हातात काही नव्हतं. पण उंचावरच्या रानातले, पाणी न साचलेले भोपळेही तेव्हा नासले. ते निव्वळ बुडाच्या ओलीनं गेले आणि ते वाचवता आले असते.

तुराट्या कशा घालायच्या ते नीट सांगतो, कारण घाईत देठ मोडला तर केलेलं वाया जातं. गेल्या वर्षीच्या तुराट्या सरपणाला रचलेल्या असतातच. हातभर लांबीच्या आठ-दहा घ्या, उभ्या-आडव्या दोन थरांत ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल. एकानं भोपळा दोन्ही तळव्यांवर चार बोटं वर उचलायचा, दुसऱ्यानं खाली तुराट्या सरकवायच्या. भोपळा फिरवायचा नाही, जसा बसलाय तसाच परत ठेवायचा. हे काम दुपारून करावं. सकाळी वेल पाण्यानं ताठ असतो, कटकन मोडतो. दुपारी जरा ढिला पडतो. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, हाताला कळलेलं आहे. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), चपटा दगड, फुटकं कौल काहीही चालेल. सोयाबीनचं भुसकट मात्र नको, ते पाणी धरून ठेवतं आणि गरम होतं. प्लॅस्टिकचा कागद तर अजिबात नको, त्यावर थारोळं साचतं.

मराठवाड्यातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो आणि जाता जाता झोडपून जातो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो बघत चला. पण ढग दिसल्यावर तुराट्या शोधायला निघू नका.

दुकानात गेलात तर फळकुजीवर एक बाटली, फुगवणीसाठी दुसरी आणि वर टॉनिक असं तिन्ही उधारीवर मिळेल. मऊ पडलेलं बुड कुठल्याही औषधानं परत घट्ट होत नाही. फुगवणीच्या औषधानं बियाण्याच्या भोपळ्याचं काही भलं होत नाही. आपल्याला वजन नको आहे, पिकलेलं बी हवं आहे. ते पैसे घरात राहू द्या.

बाकीची कामं थोडक्यात:
– वेलाच्या आळ्यातून चर काढून पाणी बाहेर काढा.
– पानावर केवडा रोगाचे पिवळे कोनदार ठिपके असतील तर उघडीप बघून मॅन्कोझेब 75 टक्के हे बुरशीनाशक 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम घालून फवारा.
– तांबडे भुंगेरे दिसले तर 5 टक्के निंबोळी अर्क.
– फळमाशीसाठी एकरी 5 क्यू ल्यूर सापळे (नर माशीला वासानं ओढणारे). डंख लागलेली कोवळी फळं वेचून खोल पुरा, धुऱ्यावर फेकू नका.
– आता युरिया नको.

भोपळा पिकला कधी म्हणायचा? फुलापासून साधारण दोन महिने धरा. देठ वाळून लाकडासारखा होतो, जवळचा ताणा सुकतो, सालीत नख रुतत नाही. आपल्या गावरान जातीचा देठ पाच धारांचा, कडक आणि फळाजवळ पसरट असतो. तोडताना पिळू नका. विळ्यानं कापा आणि तीन बोटं देठ फळाला राहू द्या. देठ उपटला की तिथे उघडी जखम राहते आणि ओल वरून आत शिरते. देठाला धरून उचलूही नका.

तोडलेला भोपळा फरशीवर किंवा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला की परत बुडाचाच प्रश्न. सुंभाची बाज काढा, त्यावर एकमेकांना न टेकवता मांडा. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात वाऱ्याच्या पडवीत दहा-पंधरा दिवसांत साल कडक होते. मग माळ्यावर कडब्यावर ठेवा आणि आठवड्याला एकदा बुडाखाली हात फिरवा. हाताला चिकट लागलं की त्याच दिवशी फोडा. पूर्ण पिकलेला भोपळा एका बाजूनं नासला तरी चांगल्या भागातलं बी लगेच धुऊन वाळवलं तर वाचू शकतं.

बियाण्याचा भोपळा तोडल्याबरोबर फोडायची घाई नको. महिनाभर ठेवला की आतलं बी आणखी भरतं. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या सणाच्या आसपास फोडा, गराचे घारगे करा, बी बाजूला काढा. मी मधल्या भागातलं बी धरतो, देठाकडचं आणि बुडाकडचं सोडतो. आमच्याकडची जुनी माणसं असंच करायची आणि उगवण चांगली मिळते हा माझा अनुभव. एकाच भोपळ्याचं बी ठेवू नका, पाच-सहा वेगवेगळ्या वेलांचं एकत्र करा. पाण्यात चोळून गर काढा. भोपळ्याचं चांगलं बीसुद्धा पाण्यावर तरंगतं, म्हणून तरंगलं ते फेका हा नियम इथे लावू नका. चिमटीत दाबून पोकळ लागेल ते काढा.

वाळवणं सावलीत, वाऱ्यावर, सुपात. पत्र्यावर कडक उन्हात टाकलं तर बी मरतं, वर्तमानपत्रावर टाकलं तर चिकटतं. दिवसातून दोनदा हलवा. आठ-दहा दिवसांनी एक बी वाकवून बघा. नुसतं वाकलं तर ओल आहे, कटकन मोडलं तर झालं. पूर्वी शेणात थापून भिंतीला लावत, तेही चालतं, फक्त गोवरी आतपर्यंत वाळली पाहिजे. ओल राहिलेलं बी बरणीत बंद केलं की बुरशी धरतं, रानातल्या बुडासारखंच. काचेची बरणी, त्यात चाळलेली कोरडी राख, झाकण घट्ट, वर वाणाचं नाव आणि वर्ष.

आता जातीच्या भेसळीबद्दल. शेजाऱ्यानं पाकिटातलं संकरित बी लावलं असेल तर मधमाशी तिकडचा पराग इकडे आणते. यंदाचं फळ तसंच दिसतं, फरक पुढच्या वर्षीच्या वेलावर कळतो. प्रमाणित बियाण्यासाठी भोपळ्यात 500 मीटर अंतर मागतात, ते आपल्या तुकड्यांत कुठून मिळणार? वेल हिरवा असेल आणि मादी फुलं येत असतील तर संध्याकाळी उद्या उमलणारी एक मादी कळी आणि दोन नर कळ्या दोऱ्यानं तोंडाशी बांधा. मादी कळीखाली चिमुकला भोपळा असतो, त्यावरून ओळखू येते. सकाळी आठच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या सोला, मादी फुलाच्या मध्यावर फिरवा आणि मादी फूल परत बांधा. त्या देठाला चिंधी. शेजारी कारलं किंवा दुधी असला तर मात्र घाबरू नका, त्यांचा पराग तांबड्या भोपळ्याला लागत नाही.

घरचं बी ठेवणं बेकायदा आहे असं सांगून पाकिटं खपवणारे भेटतात. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचासुद्धा हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावानं पाकीट करून विकता येत नाही. म्हणून मूठभर बी दोन घरी आणखी द्या. एका घरातलं नासलं तर दुसऱ्याकडून मागता येतं. चुलतीचं बी आम्ही कुणालाच दिलं नव्हतं.

मे महिन्यात बरणीतलं 20 बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात 15 उगवले तर आळ्यात दोन-दोन टाका, 12 च्या खाली उगवले तर चार-चार. पेरणीआधी किलोभर बियाला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, चोळा. पण ते पुढचं. आज दुपारी रानात जाताना तुराट्यांची एक पेंढी खांद्यावर घ्या.